वरिष्ठाकडून लैंगिक छळ : "हे तुमचं वैयक्तिक प्रकरण" असं कंपनी म्हणू शकते का?

शाल्मली :
माझ्या मैत्रिणीच्या परवानगीने लिहिते आहे. तिची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत, कृपया कोणी अंदाज बांधू नका.

ती एका खासगी कंपनीत आहे. तिचा मॅनेजर तिला रात्री उशिरा मेसेज करायचा. सुरुवातीला कामाचे, मग तिच्या कपड्यांबद्दल, मग "प्रमोशनच्या यादीत नाव हवं असेल तर बाहेर भेटून बोलू" इथपर्यंत. तिने स्पष्ट नाही म्हटलं. मेसेज थांबले, पण तिच्याकडचा चांगला प्रोजेक्ट दुसऱ्याला गेला आणि अप्रेझलमध्ये तिला आजवरचा सगळ्यात वाईट शेरा मिळाला. तो शेरा लिहिणारा तोच.

तिने एचआरला तोंडी सांगितलं. उत्तर मिळालं, "मेसेज ऑफिसच्या वेळेबाहेरचे आहेत, त्याच्या स्वतःच्या फोनवरून आहेत. हे तुम्हा दोघांमधलं वैयक्तिक आहे. कंपनी यात कशी पडणार? आम्ही त्याला समज देऊ." समज दिली की नाही ते कळलं नाही. आजही तिची रजा त्याच्याच सहीने मंजूर होते.

मला हे उत्तर अजिबात पटत नाही. रजा, प्रोजेक्ट, अप्रेझल हे सगळं त्याच्या हातात कोणी दिलं? कंपनीनेच ना? हे अधिकार नसते तर तिने पहिल्याच मेसेजला त्याला ब्लॉक केलं असतं. तो ज्या जोरावर हे करू शकला तो जोर कंपनीने दिलेला आहे. मग तो वापरून त्रास दिला की प्रकरण एकदम वैयक्तिक कसं होतं? यात कंपनीची कायदेशीर जबाबदारी नेमकी किती आणि मैत्रिणीने आता काय करावं, हे जाणकारांनी कृपया सांगावं. आणखी एक : शेवटच्या मेसेजला आता तीन महिने होत आले आहेत.

चाफा :
वाचूनच संताप आला. मैत्रिणीला सांग, तिची यात काहीही चूक नाही. वाचतेय.

न्यायवेध :
शाल्मली, तुझं शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे, म्हणून आधी त्याबद्दल. मी कामगार कायद्याची प्रकरणं चालवते आणि दोन ठिकाणच्या अंतर्गत समित्यांवर, म्हणजे लैंगिक छळाच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या कंपनीतल्या समित्यांवर, बाहेरची सदस्य आहे.

कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याच्या कलम ९ नुसार घटना घडल्यापासून तीन महिन्यांत लेखी तक्रार करायची असते. घटनांची मालिका असेल तर शेवटच्या घटनेपासून तीन महिने. उशिराचं कारण पटलं तर समिती ते लेखी नोंदवून आणखी तीन महिन्यांपर्यंत मुदत वाढवू शकते. त्यापुढे नाही. बऱ्याच जणी इथेच अडकतात. एचआरशी बोलणं चालू असतं, "बघतो, करतो" चालू असतं, आणि मुदत निघून जाते. एचआरला तोंडी सांगणं म्हणजे समितीकडे तक्रार नव्हे. तक्रार अंतर्गत समितीच्या पीठासीन अधिकाऱ्याच्या, म्हणजे अध्यक्षांच्या नावे, लेखी, आणि पोच घेऊन.

इथे एक धोका आहे. "अप्रेझल आत्ता झालं, म्हणजे माझी मुदत आत्ता सुरू झाली" असं तिने धरू नये. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका विधी विद्यापीठाच्या कुलगुरूंविरुद्धच्या प्रकरणात तक्रार मुदतबाह्य ठरवली. तक्रारदार प्राध्यापिकेचं म्हणणं होतं की नंतर तिच्याविरुद्ध झालेली प्रशासकीय कारवाई हा त्याच छळाचा पुढचा भाग आहे. न्यायालयाला ते मान्य झालं नाही. मात्र तो प्रसंग विसरला जाऊ नये म्हणून त्या निकालाची नोंद कुलगुरूंच्या रेझ्युमेमध्ये कायम ठेवावी, असंही न्यायालयाने सांगितलं. तेव्हा मैत्रिणीने शेवटच्या मेसेजपासूनच दिवस मोजावेत. तीन महिने उलटले असतील तर तक्रारीतच उशिराचं कारण लिहावं : एचआरशी कधी बोलले, कोणाशी बोलले, काय उत्तर मिळालं.

आता तुझा मूळ प्रश्न. "वैयक्तिक प्रकरण" हे उत्तर कायद्यात टिकत नाही. कलम ३ मध्ये लैंगिक छळाशी जोडलेल्या परिस्थिती सांगितल्या आहेत. नोकरीत खास वागणुकीचं उघड किंवा आडून दिलेलं आश्वासन, वाईट वागणुकीची धमकी, आताच्या किंवा पुढच्या नोकरीबद्दल धमकी, कामात ढवळाढवळ किंवा धाक वाटेल असं वातावरण, आरोग्यावर वा सुरक्षिततेवर परिणाम होईल अशी अपमानास्पद वागणूक. "प्रमोशन हवं असेल तर बाहेर भेट" हे पहिल्यातच बसतं. रात्री स्वतःच्या फोनवरून दिलं म्हणून ते आश्वासन नोकरीबाहेरचं होत नाही. जे तो देऊ करतोय ते त्याच्या घरचं नाही, कंपनीचं आहे.

कामाची जागा म्हणजे फक्त कार्यालयाच्या चार भिंती, असंही नाही. कामानिमित्त जिथे जावं लागतं ती जागा आणि कंपनीने दिलेलं वाहनसुद्धा त्यात धरलेलं आहे.

पाऊलवाट :
मी एचआरमध्ये काम करतो, म्हणून दुसरी बाजू मांडतो. कृपया राग मानू नका.

तोंडी कळलेल्या गोष्टीवर एचआर काय करणार? लेखी काही नसताना मॅनेजरला बोलावलं तर तो विचारतो, पुरावा काय? वरून दबाव असतो. चांगला धंदा आणणारा माणूस असेल तर वरिष्ठ सांगतात, जपून घ्या. "समज देऊ" हे उत्तर बहुतेक वेळा अशा कोंडीतून येतं. ते बरोबर आहे असं मी म्हणत नाही. पण एचआरमधल्या माणसाची स्वतःची नोकरीही त्याच वरिष्ठांच्या हातात असते.

न्यायवेध :
पाऊलवाट, कोंडी खरी आहे, मी ती जवळून पाहिली आहे. पण त्या कोंडीतून बाहेर पडण्याचा रस्ता कायद्याने तुम्हालाच दिला आहे. तुम्ही न्यायाधीश व्हायचंच नाही. "ही आपली अंतर्गत समिती, ही तिच्या अध्यक्षांची माहिती, तक्रार लिहायला मदत हवी असेल तर मिळेल" एवढंच सांगायचं. लेखी तक्रार करणं जमत नसेल तर ती लिहून काढायला मदत करणं ही समितीवर कायद्याने टाकलेली जबाबदारी आहे. "समज देऊ" म्हणताना तुम्ही नकळत निकाल दिलात, आणि तोही चौकशीशिवाय. तिच्यासाठी ते वाईट आणि त्याच्यासाठीही.

शिवाय कलम १९ मालकावर थेट कर्तव्यं टाकतं. सुरक्षित वातावरण देणं, छळाच्या परिणामांची आणि समितीची माहिती ठळक जागी लावणं, प्रशिक्षण घेणं, साक्षीपुरावा समितीपुढे येईल हे पाहणं, लैंगिक छळ हे सेवानियमांखाली गैरवर्तन धरणं, आणि तिला पोलिसांकडे जायचं असेल तर मदत करणं. दहा किंवा अधिक माणसं काम करतात तिथे अंतर्गत समिती असलीच पाहिजे, आणि शाखा वेगळ्या असतील तर प्रत्येक शाखेत.

रातराणी :
आमच्या इथे बोर्ड लावलाय, त्यावर समितीची नावं पण आहेत. त्यातल्या दोन बायका कधीच नोकरी सोडून गेल्यात. 😔 आणि माझा प्रश्न असा, की मी ठेकेदाराकडून आहे. पगार ठेकेदार देतो, पण पाळी कंपनीचा सुपरवायझर लावतो, हजेरी तोच मांडतो, ओव्हरटाइम कोणाला द्यायचा तेही तोच ठरवतो. त्याच्याबद्दल काही असेल तर कंपनीत म्हणतात, तू आमची नाहीस. ठेकेदार म्हणतो, माणूस माझा नाही.

न्यायवेध :
रातराणी, तुम्ही त्यांच्याच आहात, निदान या कायद्यापुरत्या तरी नक्कीच. 'कर्मचारी' या शब्दात कायम, तात्पुरते, रोजंदारीवरचे, ठेकेदारामार्फत आलेले, शिकाऊ, प्रशिक्षणार्थी असे सगळे धरलेले आहेत, मूळ मालकाला माहीत असो वा नसो. सुपरवायझर कंपनीचा असेल तर तक्रार कंपनीच्या समितीकडेच करा. बोर्डावरच्या जुन्या नावांचा फोटो काढून ठेवा. सदस्यांची मुदत तीन वर्षांपेक्षा जास्त असू शकत नाही, निम्म्या तरी स्त्रिया हव्यात, अध्यक्ष वरिष्ठ पदावरची स्त्री हवी, एक सदस्य बाहेरच्या सामाजिक संस्थेतला हवा. रचनाच चुकीची असेल तर पुढे सगळी चौकशीच धोक्यात येते, आणि त्याचा फायदा बहुतेक वेळा आरोप झालेल्याला मिळतो. म्हणून तक्रार देतानाच रचनेबद्दल लेखी विचारा.

समितीच नसेल, दहापेक्षा कमी माणसं असतील किंवा तक्रार थेट मालकाविरुद्ध असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. केंद्र सरकारच्या शी-बॉक्स या पोर्टलवरूनही तक्रार नोंदवता येते.

रातराणी :
ओव्हरटाइम बंद करतील याची भीती आहे. पण नाव-पत्ता शोधते. धन्यवाद ताई.

दूरदेशी :
मी अमेरिकेत बरीच वर्षं नोकरी करते आहे. शाल्मलीचा मुद्दा, की अधिकार कंपनीने दिला म्हणून जबाबदारीही कंपनीची, हा इथल्या कायद्याचा गाभाच आहे. १९९८ मध्ये इथल्या सर्वोच्च न्यायालयाने एकाच दिवशी दोन निकाल दिले, फॅरागर आणि एलर्थ. त्यांचं सूत्र थोडक्यात असं : वरिष्ठाने छळ केला आणि त्यातून कामावरून काढणं, पद खाली आणणं, बढती नाकारणं असं काही ठोस नुकसान झालं, तर कंपनी जबाबदार. "आम्हाला माहीत नव्हतं" हा बचाव चालत नाही. असं नुकसान झालं नसेल तर कंपनीला बचाव आहे, पण तिला दोन्ही गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. छळ रोखायला आणि थांबवायला तिने वाजवी काळजी घेतली, आणि तक्रारदाराने उपलब्ध मार्ग विनाकारण वापरला नाही.

फॅरागर ही समुद्रकिनाऱ्यावर जीवरक्षकाचं काम करणारी मुलगी होती. शहर प्रशासनाचं छळविरोधी धोरण होतं, पण ते किनाऱ्यावर काम करणाऱ्यांपर्यंत पोहोचवलंच नव्हतं. म्हणून शहराला तो बचाव मिळाला नाही. रातराणीच्या बोर्डावरून मला तेच आठवलं.

इथेही सगळं छान आहे असं नाही. २०१३ मध्ये न्यायालयाने 'सुपरवायझर' कोणाला म्हणायचं हे आखडून टाकलं. ज्याला कामावर घेण्या-काढण्यासारखे ठोस निर्णय घेण्याचा अधिकार कंपनीने दिलाय तोच सुपरवायझर. रोजचं काम वाटणारा, पाळ्या लावणारा त्यात बसेलच असं नाही. खरं तर रोजचा त्रास त्याच माणसाकडून होऊ शकतो. आणि ज्याखाली इथे असे दावे होतात तो संघराज्य कायदा पंधरा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणांनाच लागतो.

शाल्मली :
मग आपल्याकडे कंपनीला पैसे भरावे लागतात का? मैत्रिणीचं प्रमोशन गेलं, पगारवाढ गेली, झोप गेली, डॉक्टरांची बिलं सुरू आहेत. ते कोण देणार?

न्यायवेध :
इथे आपला कायदा तोकडा आहे आणि मी ते स्पष्ट म्हणते. भरपाई ठरवताना मानसिक त्रास, करिअरमधली गेलेली संधी, उपचारांचा खर्च हे सगळं कलम १५ प्रमाणे पाहायचं असतं. पण त्याच यादीत छळ करणाऱ्याचं उत्पन्न आणि आर्थिक स्थितीही आहे, कारण रक्कम त्याच्या पगारातून कापायची असते. कंपनीच्या तिजोरीतून नव्हे. कंपनीला दंड होतो तो समिती न नेमल्याबद्दल किंवा कायद्यातली इतर कर्तव्यं मोडल्याबद्दल, आणि तो ५०,००० रुपयांपर्यंत. पुन्हा तोच गुन्हा झाला तर दुप्पट शिक्षा आणि परवाना रद्द होण्याची शक्यता. मोठ्या कंपनीसाठी ५०,००० म्हणजे काहीच नाही. ज्या माणसाला अधिकार देऊन कंपनी फायदा कमावते, त्याने त्या अधिकाराचा असा वापर केला तर त्याचं नुकसान कंपनीने सोसावं, हे तत्त्व आपल्या कायद्यात स्पष्ट शब्दांत यायला हवं होतं असं माझं ठाम मत आहे.

तरीही कंपन्या घाबरतात, पण वेगळ्या कारणाने. कंपनी कायद्याखालच्या नियमांमुळे २०१८ पासून संचालक मंडळाच्या अहवालात समिती नेमल्याचं लिहावं लागतं, आणि २०२५ च्या दुरुस्तीनंतर किती तक्रारी आल्या, किती निकाली निघाल्या, किती नव्वद दिवसांहून जास्त रखडल्या हेही. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्याच्या एका प्रकरणात सगळ्या राज्यांना या कायद्याखालचे जिल्हा अधिकारी नेमण्याचे आणि समित्या आहेत की नाहीत याची पाहणी करण्याचे निर्देश दिले. सही करणाऱ्या संचालकाला आता "आम्हाला कळलंच नाही" म्हणणं अवघड जातं.

समीर_म :
प्रामाणिक प्रश्न आहे, टीका म्हणून घेऊ नका. खोटी तक्रार झाली तर? मी टीम सांभाळतो. वाईट अप्रेझल दिलं म्हणून उद्या कोणी असा आरोप केला तर माझं काय? आणि त्याने तिला हातही लावलेला नाही, तरी हा छळ?

न्यायवेध :
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे एक प्रकरण आलं होतं. निर्यातदारांच्या एका परिषदेत काम करणाऱ्या टंकलेखिकेशी वरिष्ठाने गैरवर्तन केलं, त्याला बडतर्फ केलं गेलं. उच्च न्यायालयाने त्याला परत घ्यायला सांगितलं, कारण त्याने फक्त प्रयत्न केला, प्रत्यक्ष स्पर्श झाला नाही. सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि बडतर्फी कायम केली. आता तर कायद्यातच लैंगिक शेरेबाजी, शरीरसुखाची मागणी, अश्लील चित्रं दाखवणं हे सगळं लिहिलेलं आहे.

तुमच्या भीतीबद्दल. जाणूनबुजून खोटी, दुष्ट हेतूने केलेली तक्रार चौकशीत तशी सिद्ध झाली तर कलम १४ खाली कारवाई होते. पण तक्रार सिद्ध करता आली नाही एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही. तुम्हाला तक्रारीची प्रत मिळते, उत्तराला दहा कामाचे दिवस मिळतात, साक्षीदार देता येतात, अहवाल मिळतो. अप्रेझलची कारणं तुम्ही वर्षभर लेखी नोंदवत आला असाल तर ती नोंदच तुमचा आधार. याच कारणाने सांगते, चौकशी नीट होणं तुमच्याही हिताचं आहे. "समज देऊ" म्हणून मिटवलं तर निर्दोष माणसावरचा संशयही कधी पुसला जात नाही.

समीर_म :
पटलं. नोंदी ठेवण्याचा मुद्दा आमच्याकडे मांडतो.

पाऊलवाट :
आमच्याकडे एकदा "दोघांना बसवून मिटवा" असा आदेश वरून आला होता. तेव्हा मी गप्प बसलो नाही, समितीकडे पाठवलं. सलोखा करायचा तर तो तिने स्वतःहून मागितला पाहिजे, आणि पैसे देऊन मिटवणं हा त्या सलोख्याचा आधार असू शकत नाही, हे अनेक व्यवस्थापकांना माहीतच नसतं.

शाल्मली, मैत्रिणीला एक गोष्ट नक्की सांग. तक्रारीसोबतच अंतरिम दिलासा माग. या कायद्याखालच्या नियमांपैकी नियम ८ प्रमाणे चौकशी चालू असेपर्यंत त्या मॅनेजरला तिच्या कामाचं मूल्यमापन करण्यापासून रोखता येतं आणि ते काम दुसऱ्या अधिकाऱ्याकडे देता येतं. बदली किंवा तीन महिन्यांपर्यंतची रजाही मागता येते, आणि ही रजा तिच्या हक्काच्या रजेशिवाय वेगळी असते. पण तिला आपणहून लेखी मागावं लागतं.

शाल्मली :
रजा नको आहे तिला. ती म्हणते, रजेवर गेले तर मीच काहीतरी केलंय असं सगळ्यांना वाटेल. अप्रेझल दुसऱ्याकडे जावं एवढंच हवंय.

चाफा :
अगदी बरोबर म्हणते ती. जागा त्याने सोडावी.

न्यायवेध :
मग तसंच माग. अर्जात "माझी बदली नको" हेही लिहावं, नाहीतर काही समित्या सोपं म्हणून बाईलाच हलवतात. तक्रारीच्या सहा प्रती, मेसेजचे स्क्रीनशॉट ज्यात क्रमांक आणि तारीख दिसते, आधीची अप्रेझल्स, प्रोजेक्ट बदलल्याचे ईमेल, साक्षीदारांची नावं. फोन बदलू नये, मेसेज पुसू नयेत. एचआरशी झालेल्या बोलण्याबद्दल आजच त्यांना ईमेल करावा : "अमुक तारखेला मी आपल्याला हे सांगितलं होतं आणि आपण असं उत्तर दिलं होतं." उत्तर आलं नाही तरी नोंद राहते. पोलिसांकडे जायचं की नाही हा तिचा निर्णय. भारतीय न्याय संहितेत लैंगिक छळाच्या गुन्ह्याचं कलम ७५ आहे, आणि समितीची चौकशी चालू असतानाही तो मार्ग खुला राहतो.

आणखी एक, हा धागा सार्वजनिक आहे. कलम १६ खाली तक्रारदार, आरोप झालेला, साक्षीदार यांची नावं आणि चौकशीचा मजकूर बाहेर आणायला मनाई आहे. तक्रार दाखल झाल्यावर इथे तपशील लिहू नकोस.

शाल्मली :
बारा दिवसांनी लिहिते आहे, आणि वरची सूचना पाळून मोजकंच. तक्रार दिली, पोच मिळाली. आता तिचं मूल्यमापन आणि रजा दुसऱ्या अधिकाऱ्याकडे आहे. सगळ्यांचे मनापासून आभार, तिच्याकडूनही. चौकशीला किती दिवस लागतील आणि निकाल पटला नाही तर काय, एवढं सांगाल?

न्यायवेध :
छान झालं. चौकशी नव्वद दिवसांत पूर्ण व्हायला हवी, त्यानंतर दहा दिवसांत अहवाल, आणि अहवाल मिळाल्यापासून साठ दिवसांत कंपनीने कारवाई करायची. सुनावणीला दोघांपैकी कोणालाही वकील नेता येत नाही, म्हणून तिने आपलं निवेदन तारखांनुसार लिहून जावं. शिफारस पटली नाही किंवा कंपनीने ती अमलात आणली नाही, तर नव्वद दिवसांत अपील करता येतं. अहवालाची प्रत हातात आली की मला खासगी निरोप पाठव, अपील कुठे करायचं ते तिच्या सेवानियमांवर ठरेल.